सहा नंबरवर ठेवलेला कॅमेरा

(दृश्य : सामना संपला आहे. मैदानाच्या कडेला खेळाडू बूट काढत बसलेत.)

बुटांच्या नाड्या सुटायच्या आत हा वाद सुरू होतो. संघातला सर्वात मोलाचा खेळाडू कोण?

हा उंच मुलगा गोली. त्याचं म्हणणं सरळ आहे. स्ट्रायकर चुकला तर एक संधी जाते, गोली चुकला तर थेट गोल बसतो. शेजारी नऊ नंबर बसलाय. आजचा गोल त्याचा. तो काहीच बोलत नाही, त्याला गरजही नाही; स्कोअरबोर्ड त्याच्या बाजूनं बोलतोय. मागे उभे आहेत ते कोच. ते फक्त एक नाव घेतात : मॅराडोना.

या नावापुढे खरंच कुणाचं काही चालत नाही. १९८४ मध्ये तो नेपल्सला आला, तोवर तिथल्या नापोली क्लबनं इटलीची लीग एकदाही जिंकली नव्हती. १९८७ मध्ये जिंकली, १९९० मध्ये पुन्हा. १९९१ मध्ये तो गेला, आणि नापोलीला पुढची लीग मिळायला २०२३ साल उजाडलं.

पण मॅराडोना पिढीत एखादाच होतो. तो ज्यांच्याकडे नसतो, त्या बाकीच्या सगळ्या संघांचं काय? त्यांचा मोलाचा माणूस कुठल्या जागेवर खेळतो?

(दृश्य : कुंपणापाशी तिकाटण्यावरचा कॅमेरा.)

त्यासाठी आम्ही एक कॅमेरा मधल्या रेषेसमोर लावला आणि पूर्ण नव्वद मिनिटं फक्त सहा नंबरवर ठेवला. सहा नंबर म्हणजे बचावफळीच्या पुढे उभा राहणारा मिडफील्डर. चेंडू कुठेही जावो, कॅमेरा हलवायचा तो सहा नंबर हलला तरच.

सुरुवातीची दहा मिनिटं काही घडतच नाही असं वाटतं. तो चालतो. चार पावलं डावीकडे, दोन मागे. हात वर करून कुणाला तरी जागा दाखवतो. परत चालतो.

आता नीट बघा.

चेंडू आपल्या सेंटर बॅककडे, म्हणजे बचावफळीतल्या मधल्या खेळाडूकडे आहे. पास अजून निघालेला नाही. सहा नंबरनं मान वळवून उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं. मग डाव्या. पास निघाला, चेंडू गवतावरून येतोय, आणि त्याची मान पुन्हा एकदा उजवीकडे. चेंडू पायाशी पोचेपर्यंत मागे कोण आहे, किती अंतरावर आहे, हे त्याला कळलेलं असतं. म्हणून तो चेंडू घेतो दूरच्या पायानं, अंग अर्धं वळवून. पहिल्याच स्पर्शात त्याचं तोंड समोरच्या गोलकडे झालं. पाठीवर धावून आलेला खेळाडू रिकाम्या जागेत पोचला.

हेच पुन्हा, सावकाश. चेंडूकडे बघू नका. मानेकडे बघा.

(दृश्य : तोच प्रसंग, संथ गतीनं.)

आता दुसरा प्रसंग. चेंडू विरोधी संघाच्या डिफेन्डरकडे. आपला सहा नंबर त्याच्यापासून बराच लांब आहे, आणि तो चेंडूवर धावून जात नाही. फक्त एक पाऊल बाजूला सरकतो. त्याच्या पाठीमागे विरोधी संघाचा दहा नंबर, म्हणजे हल्ले रचणारा खेळाडू उभा आहे. त्या एका पावलानं डिफेन्डर आणि दहा नंबर यांच्यामधली वाट बंद झाली. डिफेन्डरनं मान वर केली, समोर पाहिलं, क्षणभर थांबला आणि चेंडू कडेच्या विंगरला देऊन मोकळा झाला.

दहा नंबरला जाणारा पास झालाच नाही. झालेल्या पासांची मोजदाद होते. न झालेल्या पासाला कुठल्याच तक्त्यात रकाना नसतो.

आमच्या कॅमेऱ्यात असे प्रसंग एकामागून एक आहेत. डावा बॅक पुढे पळाला की हा त्याच्या जागेवर जाऊन उभा. सेंटर बॅक हेडरला उडी मारतो, तेव्हा खाली पडणारा चेंडू उचलायला हा आधीच तिथे. एकदा तर संपूर्ण संघ कॉर्नरसाठी पुढे गेलाय आणि अर्ध्या मैदानात हा आणि सोबत एक डिफेन्डर, दोघंच. टीव्हीवर सामना पाहताना यातलं बरंचसं आपल्याला दिसत नाही, कारण टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो. हायलाइट्समध्ये तर याचा चेहराही येत नाही.

(दृश्य : कोचचा फळा, मॅग्नेटचे ठिपके.)

कोचना आम्ही विनंती केली : यातून सहा नंबर काढून दाखवा. त्यांनी ठिपका उचलून खिशात टाकला. मग समोरच्या संघाचा दहा नंबर बोटानं पुढे सरकवला, बरोबर त्या रिकाम्या जागेत. आता सेंटर बॅकनं काय करायचं? तो त्याला अडवायला पुढे आला, तर पाठीमागे स्ट्रायकरला पळायला रान मोकळं. तो जागेवरच थांबला, तर दहा नंबर निवांत वळतो, मान वर करतो आणि हवा तिथे पास देतो. कोच दोन्ही ठिपके हलवून बघतात. पुढे, मागे, पुन्हा पुढे. उत्तर सापडत नाही. त्यांचा हात हवेतच थांबतो.

फळ्यावर जे दिसलं, ते मोठ्या फुटबॉलमध्ये एकदा जवळजवळ प्रयोगासारखं घडून गेलंय.

(दृश्य : गुणतक्ते.)

इंग्लंड, २०१५-१६. लेस्टर सिटी प्रीमियर लीग जिंकते. अख्खं जग दोन नावं घेतं : २४ गोल करणारा जेमी वार्डी आणि इंग्लंडच्या खेळाडूंनी वर्षाचा सर्वोत्तम म्हणून निवडलेला रियाद महरेझ. त्यांच्या मागे, बचावफळीच्या पुढे, एन्गोलो कांते होता. लीगमधले सर्वात जास्त टॅकल त्याचे. सर्वात जास्त इंटरसेप्शन, म्हणजे मध्येच अडवलेले पासही त्याचेच.

पुढच्या हंगामात वार्डी लेस्टरमध्ये राहिला. महरेझ राहिला. कांते चेल्सीला गेला.

लेस्टर बाराव्या क्रमांकावर उतरली. आदल्या वर्षी दहावी आलेली चेल्सी ९३ गुण मिळवून विजेती झाली. चेल्सीत त्याच उन्हाळ्यात कोचही बदलला होता, हे खरं. लेस्टरवर चॅम्पियन्स लीगचे जादा सामने पडले, हेही खरं. तरीही हे दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे ये-जा करणारं नाव एकच आहे, आणि त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला.

त्याच्या तेरा वर्षं आधी रेआल माद्रिदनं हाच धडा फार महागात घेतला होता. २००३ साली संघात झिदान, फिगो, ब्राझीलचा रोनाल्डो होते, त्यात बेकहॅमची भर पडली. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या मागे बचावफळीपुढे खेळणाऱ्या क्लॉद माकेलेलेनं पगारवाढ मागितली. क्लबनं नाकारली. माकेलेले चेल्सीला गेला. त्या हंगामात लीगचे शेवटचे पाचही सामने रेआल हरली आणि चौथी आली. पुढची लीग थेट २००७ मध्ये मिळाली. चेल्सीनं २००४-०५ मध्ये ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले आणि पन्नास वर्षांनी लीग जिंकली. इंग्लंडमध्ये या जागेला आजही 'माकेलेले रोल' म्हणतात. जागेला माणसाचं नाव पडणं फुटबॉलमध्ये क्वचित होतं.

(दृश्य : पुरस्काराचा सोहळा, कुबड्या.)

आणि हा रॉड्री, मँचेस्टर सिटीचा आणि स्पेनचा याच जागेवरचा खेळाडू. फेब्रुवारी २०२३ ते मे २०२४ या काळात तो खेळला अशा सलग ७४ सामन्यांत मँचेस्टर सिटी हरली नाही. २२ सप्टेंबर २०२४ ला आर्सेनलविरुद्ध त्याचा गुडघा गेला. पॅरिसमध्ये बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, घ्यायला तो कुबड्यांवर आला. त्यानंतर दोनच दिवसांनी सिटीची घसरण सुरू झाली. १३ सामन्यांत एक विजय.

त्याच वर्षीच्या युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये रॉड्री मध्यंतरालाच दुखापतीनं बाहेर गेला होता आणि स्पेननं इंग्लंडला २-१ असं हरवलं होतं. त्याच्या जागी आलेल्या झुबिमेंडीनं पंचेचाळीस मिनिटं निभावली. अख्खा हंगाम निभावणं वेगळं, आणि सिटीला ते जमलं नाही.

बॅलन डी'ओर १९५६ पासून दिला जातो. इतक्या वर्षांत गोलीला तो मिळाला एकदाच, १९६३ मध्ये लेव्ह याशिनला. आमचा गोली याच मुद्द्यावर चिडतो आणि त्याचं चिडणं रास्त आहे. गोल करणाऱ्याला मान मिळावा, जरूर मिळावा. चेंडू जाळ्यात घालणं हे या खेळातलं सर्वात अवघड काम आहे. पण मोल मोजताना आपण जे दिसतं तेवढंच मोजत आलोय. मैदानावर अकरा जण असतात, आणि आमचं मत या सहा नंबरला आहे.

(दृश्य : पुन्हा आमचा कॅमेरा. सामन्याचं ७८ वं मिनिट.)

हा आजच्या सामन्यातल्या एकमेव गोलचा क्षण. गोल तुम्हाला दिसणार नाही, कारण तो आमच्या चौकटीच्या बाहेर झाला. फक्त आवाज येईल.

आत्ता. गोल झाला.

कॅमेरा सहा नंबरवर आहे. डावीकडून एक जण हात पसरून त्याच्या समोरून पळत गेला. बाकावरचे राखीव खेळाडूही धावले. सहा नंबरनं दोन्ही मुठी एकदाच आवळल्या. मग उजव्या बॅकची जर्सी मागून धरली, त्याला थांबवलं, आणि हातानं त्याची जागा दाखवली.

(इथून पुढे निवेदन नाही. मैदानाचा आवाज.)