घोड्याविना घोडेस्वार

तर मंडळी, आज ब्रिटिश घोडदळातल्या एका माणसाविषयी बोलायचंय, आणि आधीच सांगून टाकतो की दोन महायुद्धांच्या गोष्टीत याचा घोडा फारसा दिसणारच नाही! एड्रियन कार्टन दे विआर्त. जन्म १८८० चा, ब्रुसेल्सचा, म्हणजे मुळात इंग्रज पण नाही. ऑक्सफर्डला शिकत होता, दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिशांचं बोअर युद्ध सुरू झालं तसं कॉलेज सोडून, खोटं नाव आणि खोटं वय सांगून भरती झाला. पुढे चौथ्या ड्रॅगून गार्ड्स या घोडदळ रेजिमेंटमध्ये ऑफिसर, मग पोस्टिंग आपल्या हिंदुस्थानात. इथे पोलो आणि घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार, असे मजेत दिवस चालले होते. घोड्याचं खरं सुख काय मिळालं ते इथेच म्हणा ना.

१९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा साहेब आफ्रिकेतल्या सोमालीलँडच्या वाटेवर, तिथल्या उंटदळात जायला! तिथे तोंडावर गोळी लागून डावा डोळा गेला. बरा होऊन आपल्या रेजिमेंटमध्ये फ्रान्स-बेल्जियमला गेला, तर तिथे काटेरी तारा, मशीनगन आणि चिखल, त्यामुळे घोडदळवाले पायउतार होऊन खंदकात बसलेले. १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रला डाव्या हाताचा चेंदामेंदा झाला, डॉक्टर बोटं कापेनात तर यानेच दोन ओढून काढली, असं तो स्वतः लिहितो. शेवटी तो हातही गेला. मग पायदळाची बटालियन मिळाली, आणि जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, ला बोआसेल गावात, दातांनी पिन उपटून एका हाताने ग्रेनेड फेकत होता. त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. गंमत म्हणजे आत्मचरित्रात या मेडलचा उल्लेखच नाही, पण युद्धात मजा आली हे मात्र बिनदिक्कत लिहिलंय. मला तरी हे वाचून जरा कसंतरीच झालं, त्याच सोमवर हजारो पोरं मेली होती.

मग पोलंड, ब्रिटिश मिलिटरी मिशन. १९२० मध्ये त्याच्या ट्रेनवर रशियन लाल सैन्याचे घोडेस्वार चालून आले. घोडे शत्रूकडे आणि आपला घोडदळवाला ट्रेनच्या पायरीवर उभा राहून रिव्हॉल्व्हर झाडतोय! पुढे पंधराएक वर्षं तिथल्याच दलदलीत शिकार करत राहिला, १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध पेटेपर्यंत.

१९४० ला नॉर्वेत नाम्सोसला फौज घेऊन गेला. वर जर्मन विमानं, खाली ढीगभर बर्फ, आणि फ्रेंच सैनिकांच्या स्कीचे पट्टेच आले नव्हते, तर लढणार कसे? माघार घेऊन ब्रिटनला परतला त्या दिवशी साठावा वाढदिवस होता. पुढच्या वर्षी विमान लिबियाजवळ समुद्रात पडलं, हा किनाऱ्यावर पोहत आला आणि इटालियनांच्या हाती लागला. फ्लॉरेन्सजवळच्या किल्ल्यात बाकीच्या कैदी जनरल मंडळींबरोबर सात महिने भुयार खणलं. मार्च १९४३ मध्ये निसटला, वय ६२, एक डोळा, एक हात, इटालियन भाषेचा पत्ता नाही, तरी शेतकऱ्याच्या वेशात आठ दिवस फिरत होता. पुन्हा पकडला, हे वेगळं सांगायला नको.

इटलीनेच पुढे सोडला, मग चर्चिलने चीनला तिथले नेते च्यांग काय-शेक यांच्याकडे पाठवला. तिथून घरी निघाला आणि वाटेत रंगूनला जिन्यावरून पाय घसरला, पाठीचे मणके मोडले. साध्या जिन्यावरून! हॉस्पिटलात डॉक्टरांनी मणक्यांबरोबर अंगात राहिलेले जुने लोखंडी तुकडेही काढले. पुढे आयर्लंडमध्ये कॉर्कला नदीवर मासे पकडत बसला, १९६३ पर्यंत.