थांबायचं की घ्यायचं?

नमस्कार, श्रोते हो.

जेल रोडला लागून असलेल्या एका गल्लीत माझं दुरुस्तीचं टेबल आहे. याच टेबलावर वडील व्हॉल्वचे रेडिओ उघडायचे, आता मी कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं, उघडतो. हत्यारं बरीचशी तीच आहेत. म्हणून आज रेडिओवर बोलताना थोडी परतफेड केल्यासारखं वाटतंय.

मे महिन्यात माझ्याकडे रांग लागते. शाळांना सुट्टी, इंदुरात पारा चाळिशीपार, आणि पोरं दिवसभर घरात. परवा लोकमान्य नगरहून एक आजी रिक्षातून आल्या. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला नातवाचा कन्सोल. म्हणाल्या, "अरे, खेळता खेळता हे विमानासारखं घोंघावतं आणि एकदम बंद पडतं. नातू म्हणतो, नवीन घ्या. त्याचा बाप म्हणतो, पुढचं मॉडेल येईल, तोवर कळ काढा. तूच सांग, थांबायचं की घ्यायचं?"

मी यंत्र उघडलं. पंख्याला इतकी धूळ लागली होती की तिच्या वाती वळता आल्या असत्या. आजींना तसं म्हटलं, तर त्या हसल्या नाहीत. प्रश्नाचं उत्तर हवं होतं त्यांना.

दहा वर्षांपूर्वी मी डोळे मिटून सांगितलं असतं, थांबा. कन्सोलचा भाव आंब्यासारखा असायचा. पहिली पेटी महाग, मग उतरत उतरत शेवटी हातगाडीवर. २००० साली अमेरिकेत २९९ डॉलरला आलेला सोनीचा प्लेस्टेशन २ हा २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळत होता. दर दोन-तीन वर्षांनी चिप आणखी बारीक व्हायची, सिलिकॉनच्या एकाच चकतीतून जास्त चिपा निघायच्या, आणि भाव खाली यायचा. प्लेस्टेशन ५ च्या बाबतीत आंबा उलटा पिकला. भारतात तो फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कची खाच असलेला ४९,९९० रुपयांना होता. पुढच्याच वर्षी ५४,९९० झाला. अमेरिकेत ४९९ डॉलरचा २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५४९ वर गेला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही तिकडे आपल्या एक्सबॉक्स कन्सोलचे भाव दोनदा वाढवले. चिप अजूनही बारीक होते, पण ती बारीक करण्याचा खर्चच आता इतका वाढलाय की बचत उरत नाही. त्यात एआयची मोठमोठी डेटा सेंटर बाजारातली मेमरी पोत्यानं उचलतात. लग्नसराईत हलवायानं सगळं दूध उचललं की आपल्या चहाला काय उरतं, तसं झालंय.

मेमरीवरून एक हिशोब सांगतो. गेम्सवर तासन्‌तास बोलणाऱ्या पोरांनाही मी हा करायला लावतो. १९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये मुख्य मेमरी, म्हणजे खेळताना लागणारा माल हाताशी ठेवायची जागा, होती २ एमबी. दुसऱ्यात ३२. तिसऱ्यात दोन भागांची मिळून ५१२. चौथ्यात, २०१३ साली, ८ जीबी. एक जीबी म्हणजे १०२४ एमबी धरून भागून बघा, दर वेळी बरोबर सोळापट. मग २०२० चा पाचवा आला. त्यात किती? १६ जीबी. नुसती दुप्पट! तीन उड्या सोळा आण्यांच्या आणि चौथी दोन आण्यांची. गंमत म्हणजे खेळणाऱ्यांना ते जाणवलं नाही. कारण खरी उडी दुसरीकडेच होती. जुन्या हार्ड डिस्कवरून सेकंदाला शंभरेक एमबी माल यायचा, नव्या एसएसडीवरून, म्हणजे चिपांच्या साठवणीवरून, साडेपाच जीबी. फडताळ हाताशी असलं की ओटा लहान असला तरी स्वयंपाक अडत नाही, तसंच हे. म्हणून सहाव्या पिढीत ६४ जीबी असेल असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं, की मी चहा मागवतो आणि ऐकून घेतो. मला स्वतःला २४ किंवा ३२ पुरेशी वाटते.

चित्राचं म्हणाल, तर तिथे सगळा खेळ अंदाजाचा होत चाललाय. फोर-के टीव्हीवर सुमारे ८३ लाख ठिपके असतात, आणि ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे. एवढं काम खरोखर करायचं तर चिप भट्टी होते. म्हणून यंत्र त्यातले चौथा हिस्साच, २१ लाखांच्या आसपास, स्वतः काढतं आणि बाकीचे ओळखून भरतं. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला चार ठिपके टाकले की पुढची पाकळी कुठे वळणार ते कळतं ना, अगदी तसं. २०२४ चा प्लेस्टेशन ५ प्रो आणि २०२५ चा निन्टेंडो स्विच २, दोघांनीही हीच युक्ती धरलीय. केस, तारेची जाळी, पावसाच्या रेघा, अशा बारीक कामात अंदाज चुकला की कडा वळवळतात. पण एरवी सोफ्यावर बसलेल्या माणसाला काही पत्ता लागत नाही.

पुढच्या यंत्राबद्दल जे थोडं अधिकृतपणे बोललं गेलंय, तेही याच दिशेचं आहे. सोनीसाठी कन्सोलची रचना करणारे मार्क सर्नी आणि चिप बनवणारी एएमडी यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या. चिपमधले सुटे सुटे गणकगट एकत्र येऊन अंदाजाचं काम एकजुटीनं करतील. प्रकाशाचे किरण कुठे आदळतात ते शोधायला वेगळा विभाग असेल. आणि मेमरीकडे जाणारी-येणारी सगळी माहिती दाबून, घडी घालून पाठवली जाईल. मला ही तिसरी सगळ्यात हुशारीची वाटते. मेमरी महाग आहे ना? मग पिशवी मोठी करण्यापेक्षा कपड्यांच्या घड्या नीट घाला. काही वर्षांत हे एका कन्सोलमध्ये आणायचंय, असं सर्नी म्हणाले. २०००, २००६, २०१३, २०२० अशी पावलं पाहिली तर अंतर सहा-सात वर्षांचं पडतं. आता पुढचं पाऊल कधी पडेल, ते तुम्हीच मोजा. एक्सबॉक्सवाल्यांनीही जून २०२५ मध्ये एएमडीशीच अनेक वर्षांचा करार जाहीर केला. दोन्ही घरांचा किराणा एकाच दुकानातून येणार, तर भाजीच्या चवीत फरक तो किती पडणार!

माझ्या टेबलावर मात्र कधीच कुणी येऊन म्हणत नाही की चित्रात किरण कमी पडले. लोक येतात ते तीन तक्रारी घेऊन. तापतं, पोर्ट तुटला, काडी सरकते.

काडी म्हणजे कंट्रोलरवरची अंगठ्यानं फिरवायची काडी. हात न लावता खेळातला माणूस आपोआप डावीकडे चालायला लागतो. आता जुन्या श्रोत्यांनी आठवा, रेडिओचं आवाजाचं बटण फिरवताना खरखर यायची. आत कार्बनची पट्टी असायची आणि तिच्यावर घासणारा धातूचा काटा. पट्टी झिजली की खरखर सुरू. वडील त्यात स्पिरिटचे दोन थेंब सोडायचे. लाखभर गाण्यांची गुणगुण त्या एका पट्टीवरून गेलेली असायची. हजारो रुपयांच्या कंट्रोलरमध्ये आजही बहुतेक वेळा हीच जोडी बसलेली असते, फक्त नखाएवढी. मीही तेच दोन थेंब सोडतो, आणि गिऱ्हाइकाला खरं सांगतो की हा इलाज महिन्या-दोन महिन्यांचा आहे. याला उपाय नाही असं नाही. काट्याऐवजी चुंबक आणि त्याचं क्षेत्र मोजणारा हॉल सेन्सर बसवला की घासायला काही उरतच नाही. सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये १९९८ साली तो होता! स्विच २ च्या काड्यांत हॉल सेन्सर नाही, हे मात्र निन्टेंडोच्याच लोकांनी सांगितलं. पुढच्या पिढीकडून मला एकच वस्तू मागायला सांगितली, तर मी टेराफ्लॉप, म्हणजे आकडेमोडीचा वेग, मागणार नाही. हे चुंबक मागेन.

तापण्याचं सांगतो. प्लेस्टेशन ५ च्या माहितीपुस्तिकेत लिहिलंय की यंत्र ५ ते ३५ अंशांत वापरावं. आता माळव्यातल्या मे महिन्याला हे कोण समजावणार? आपल्याकडे दुपारी दोन वाजता पंख्याखालीही पारा ३५ च्या खाली येत नाही. दोष पूर्णपणे बनवणाऱ्याचा नाही. त्यात १२० मिलिमीटरचा जाडजूड पंखा आहे, चिपवर द्रवरूप धातूचा लेप आहे, धूळ साचायला खास खाचा आहेत. पण जोराचा गेम चालू असताना २०० वॉटच्या आसपास वीज खाणारी वस्तू ती उष्णता खोलीतच सोडणार. पुढचं यंत्र आणखी ताकदवान करायचं तर ती ताकद थंडपणे यावी, एवढंच माझं म्हणणं. आणि पंख्यापर्यंत पोचायला नेहमीचा स्क्रू-ड्रायव्हर पुरावा. वीज गेल्यावर काय होतं ते सांगत बसत नाही. छोटा यूपीएस लावा, विषय संपला.

राहिली डिस्क. इथे माझा थोडा राग आहे, तो ऐकून घ्या. नव्या मोठ्या गेमची किंमत आपल्याकडे पाच हजार रुपयांच्या आसपास. सुदामा नगरात एका बिल्डिंगमधली चार पोरं मिळून चार वेगवेगळ्या डिस्क घेतात आणि वर्षभर फिरवतात. वाचनालयच म्हणा ना! मग कंटाळा आला की विकतात, आणि त्या पैशांत पाचवी येते. प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये डिस्कची खाचच नाही, ती वेगळी विकत घेऊन जोडायची. स्विच २ च्या काही कार्डांत तर गेमच नसतो, फक्त किल्ली असते. कार्ड घाला आणि मग इंटरनेटवरून सगळा उतरवून घ्या. डाउनलोड केलेला गेम शेजारच्या अंशूला कसा द्यायचा? प्रो तर बाजारात आला तेव्हा आपल्याकडे आणलाच नाही, कारण त्यातल्या वाय-फायची ६ गिगाहर्ट्झची लहर तेव्हा भारतात खुली नव्हती. पोरं हळहळली. मी मात्र मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं, डिस्क वाचली.

तर आजींना मी काय सांगितलं? थांबून भाव उतरेल ही आशा सोडा, असं म्हटलं. नवीन घ्यायची गरज आहे का, तर तीही नाही. जे आहे त्यात डिस्कची खाच आहे, आणि ती नीट चालतेय. साफ करून, लेप बदलून देतो. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "पण मग धूळ गेली तरी तापायला नको ना?" मी विचारलं, घरी ठेवता कुठे? म्हणाल्या, "शोकेसमध्ये, काचेच्या दाराआड. धूळ बसू नये म्हणून."

आजी, तुम्ही हा कार्यक्रम ऐकत असाल तर तुमचं यंत्र तयार आहे. चार तास गेम लावून बघितला, एकदाही बंद पडलं नाही. दुकान रात्री आठपर्यंत उघडं असतं. येताना टॉवेल आणा, आणि शोकेसचं दार काढून टाका.

नमस्कार.