जमाव पांगवण्याआधी

अध्यक्ष महोदय आणि बंधुभगिनींनो, पोलिसी बळाचा वापर आणि त्यावरील नियंत्रण हा विषय संयोजकांनी मला दिला, पण माझा जुना हट्ट आधी मांडतो: पांगण्याची आज्ञा जमावाला ऐकू गेली नसेल आणि कळली नसेल, तर ती झालीच नाही असे समजावे. १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील गोळीबार आणि २०१४चा येळ्ळूरचा लाठीमार आपल्या ज्या बेळगाव सीमाभागाने पाहिला, तेथे या हट्टाचे कारण सांगावे लागत नाही.

एका विसर्जनाच्या रात्री आमच्या गल्लीची मिरवणूक कपिलेश्वर तलावाच्या अलीकडे अडली. दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असली तरी डॉल्बी चालूच होता, आणि त्या आवाजात प्रत्यक्ष ब्रह्मदेवाची आज्ञाही ऐकू आली नसती. नव्याने बदलून आलेले फौजदार भोंग्यावरून कन्नडमध्ये पांगायला सांगत होते. मागच्या मुलांना वाटले, साहेबही 'मोरया' म्हणत आहेत, म्हणून त्यांनी दुप्पट जोराने साद दिली. साहेबांनी तिचा अर्थ उद्दामपणा असा लावला आणि लाठ्या सरसावल्या. (आमच्या मंडळाचे अध्यक्ष तेवढ्यात दिसेनासे झाले, ते आज पहिल्या रांगेत आहेत.) तेव्हा एका वयस्क हवालदारांनी जनरेटर बंद करायला लावला आणि एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या खांद्यावर हात ठेवून मराठीत म्हटले, "काका, पोरांस्नी आवरा. ह्या अंगाची वाट मोकळी ठेवलीया, मूर्ती पुढं घ्या, मी संगट येतो." मिरवणूक हलली आणि एकही लाठी पडली नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, म्हणून कायदा आटोपता घेतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४८, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२९, आधी आज्ञा आणि मग बळ असाच क्रम सांगते. मात्र आज्ञेवाचूनही, जमावाच्या वर्तनातून न पांगण्याचा निर्धार दिसला तर बळ वापरता येते, आणि आमच्या पोरांच्या 'मोरया'त साहेबांना नेमका तोच निर्धार दिसला होता. संयुक्त राष्ट्रांची १९९०ची तत्त्वे पोलिसांना जमावाचे वर्तन ओळखण्याचे, मन वळवण्याचे आणि वाटाघाटीचे शिक्षण द्यावे असे सांगतात. जमाव आटोक्यात आल्यावरही चालू राहिलेली मारहाण सर्वोच्च न्यायालयाने २०१६च्या अनिता ठाकूर प्रकरणात बेकायदा ठरवून भरपाई दिली. अमेरिकेतील लुईव्हिल शहरात अंतर राखणे, वेळ घेणे आणि बोलत राहणे शिकवल्यावर बळाच्या वापराच्या घटना सुमारे २८ टक्के घटल्या.

१ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आणि सीमाभागातील मराठी भाषकांच्या काळ्या दिनाच्या, बंदोबस्तापूर्वी पोलीस आयुक्तांना द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा दाराजवळ ठेवला आहे. आज्ञा कन्नड व मराठी दोन्हींत द्यावी, पांगायला पुरेसा अवधी आणि मोकळी वाट ठेवावी, आज्ञा कोणी, किती वाजता दिली याची नोंद व्हावी आणि सगळ्याचे चित्रीकरण जपून ठेवावे, एवढ्याच मागण्या त्यात आहेत. ज्यांना सही करायची असेल त्यांनी चहाआधी करावी.