मक्यातलं विष आणि पानातला हिरवा रंग

[दृश्य : नदीचं रुंद मुख, काठाला सपाट शेतं]

चीनमधली यांगत्झे नदी समुद्राला मिळते, तिथं शांघायच्या उत्तरेला चिदोंग आहे. इथल्या लोकांचं पोट एकेकाळी मक्यावर चालायचं. हवा दमट, त्यामुळे साठवलेल्या मक्याला बुरशी लागायची. यकृताच्या कर्करोगामुळे हा भाग जगभरच्या संशोधकांना ठाऊक झाला.

[दृश्य : दाण्यांवरची पिवळट हिरवी बुरशी]

ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. आपल्या शेंगदाण्यालाही ती सोडत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीत या विषाचा माग लागला. १९७४ मध्ये राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातचं पंचमहाल इथं बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. भाजून, उकडून हे विष पुरतं जात नाही.

हेच विष रोज थोडं थोडं पोटात जात राहिलं, तर त्याची चाल वेगळी असते. पोटात आलेलं विष मोडून काढणं हे यकृताचं काम. इथं मात्र त्याच्याच हातून अफ्लाटॉक्सिन जास्त घातक बनतं आणि डीएनएची लिपी ज्या चार अक्षरांची, त्यातल्या ‘जी’ला म्हणजे ग्वानिनला चिकटतं. मग पेशी दुभंगताना नक्कल चुकते, ‘जी’च्या जागी ‘टी’ येतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं पी-५३ हे जनुक आहे. चिदोंगच्या रुग्णांच्या गाठींमध्ये त्यातल्या २४९व्या जागी नेमकी हीच चूक पुन्हा पुन्हा सापडली.

विष चिकटलेलं काही ग्वानिन सुटून लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणजे डीएनएला किती मार बसला, हे लघवीतून मोजता येतं.

[दृश्य : पालकाची जुडी, मग रेणूचं चित्र]

आता पानातला हिरवा रंग, म्हणजे क्लोरोफिल. त्याच्या रेणूचा मुख्य भाग भाकरीसारखा चपटा. अफ्लाटॉक्सिनही चपटं. आतड्यात दोन्ही एकमेकांना चिकटले की विष रक्तात कमी शिरतं. प्रयोगांसाठी मात्र क्लोरोफिलिन वापरतात: रेणूची लांब शेपटी तोडलेली, मॅग्नेशियमच्या जागी तांबं, पाण्यात विरघळणारं. अंगाची दुर्गंधी कमी करायला याच्या गोळ्या लोक पूर्वीपासून घेत होते, हे एक गमतीचंच. आधी जिवाणूंवर, मग ट्राउट माशांवर त्याची परीक्षा झाली.

मग चिदोंग. १८० प्रौढ माणसं. निम्म्यांना १०० मिलिग्रॅम क्लोरोफिलिन दिवसातून तीनदा जेवताना, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. चार महिने. २००१ साली निष्कर्ष छापून आला: गोळी घेणाऱ्यांच्या लघवीत विष चिकटलेलं ग्वानिन ५५ टक्क्यांनी कमी.

लक्षात घ्या, इथं मोजली ती डीएनएची इजा, कर्करोग नव्हे. शिवाय कपभर कच्च्या पालकात क्लोरोफिल साधारण २४ मिलिग्रॅम. तेव्हा ‘पालक खा, कर्करोग टळेल’ असे संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी जरा थांबावं.

[दृश्य : भाताची खाचरं]

१९८०च्या दशकापासून चिदोंगच्या ताटात मक्याच्या जागी तांदूळ आला. लोकांच्या रक्तातल्या अफ्लाटॉक्सिनच्या खुणा विरळ होत गेल्या. पस्तिशीच्या आतल्या लोकांमध्ये यकृताच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. त्या हिरव्या गोळीची चाचणी सुरू होण्याआधीच धान्य बदलायला लागलं होतं.