पंचवीसपैकी किती?

[काळा पडदा. फक्त आवाज : "श्वास घ्या... रोखून धरा..." यंत्राची घरघर. "आता सोडा."]

आवाज माणसाचा आहे, पण खोलीत तो माणूस नाही. सूचना सीटी स्कॅनच्या यंत्रात आधीच भरून ठेवलेली असते. टेक्निशियन काचेपलीकडे, टेबलावर रुग्ण एकटा. दहाएक सेकंदांत फुप्फुसांचे मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचे दोन-तीनशे काप तयार होतात. अट एकच, तेवढा वेळ श्वास रोखायचा. आणि न्यूमोनियाच्या रुग्णाला नेमकं तेच जमत नाही. मध्येच खोकला आला की चित्र हललंच.

[दृश्य : सीटी सेंटरबाहेरची रांग. हातात मोठे पाकीट.]

एप्रिल २०२१ मध्ये, कोव्हिडच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात चौकशीचा फोन कसा असायचा, आठवतंय? "ताप उतरला का?" हे नंतर. आधी, "स्कोर किती आला?"

"नऊ."

"पंचवीसपैकी ना? मग काही नाही, घाबरू नका."

दहावीचे मार्क विचारावेत तसं. फरक एवढाच, की इथे कमी मार्क मिळालेला खूश.

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर निरोगी फुप्फुसाचा काप.]

तो आकडा येतो कुठून, हे बघायचं तर आधी काळा-पांढरा रंग समजून घ्यावा लागेल. गॉडफ्री हाउन्सफिल्ड या ब्रिटिश इंजिनिअरने बनवलेल्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विंबल्डनमधल्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला. घनता मोजायची पट्टी आजही त्यांच्याच नावाने चालते. तीत पाणी शून्यावर, हवा उणे १०००वर, हाड वर अधिक बाजूला. आकडा जितका खाली, तितका रंग काळा. फुप्फुसात बहुतेक हवाच, म्हणून निरोगी फुप्फुस पडद्यावर काळंभोर. त्यात रक्तवाहिन्यांच्या पांढऱ्या फांद्या, बस.

विषाणू हवेच्या बारीक पिशव्यांच्या, म्हणजे वायुकोशांच्या, भिंतींना सूज आणतो. आत थोडा द्रव पाझरतो. हवा पूर्ण गेलेली नसते, पाणी पूर्ण भरलेलं नसतं. पडद्यावर तिथे राखाडी धुरकटपणा दिसतो. बाथरूमच्या खिडकीला दुधी काच असते ना, पलीकडचं झाड कळतं पण पानं कळत नाहीत, तशी. मागच्या रक्तवाहिन्या अजून दिसत असतात, हीच तिची खूण. रिपोर्टमध्ये याला ग्राउंड ग्लास म्हणतात.

आजार वाढला की त्या धुरकटपणावर जाड रेघांची जाळी उमटते. डॉक्टरांच्या भाषेत क्रेझी पेव्हिंग. आपल्याकडच्या गच्चीवर फुटक्या टाइल्सची चायना मोझॅक फरशी बघितलेल्याला वेगळं सांगायची गरज नाही. आणि वायुकोश पुरते भरले की तो भाग सरळ पांढरा होतो, रक्तवाहिन्याही त्यात बुडतात. कधी कधी त्या पांढऱ्यात श्वासनळीची काळी फांदी तेवढी उठून दिसते. आजूबाजूचं सगळं भरलं, नळीत मात्र अजून हवा आहे.

[दृश्य : कोव्हिड रुग्णाचा काप. कडेच्या भागावर वर्तुळ.]

कोव्हिडमध्ये हे डाग बहुधा दोन्ही बाजूंना, कडेकडेने, खाली आणि पाठीकडे असतात. पाठीकडे मात्र एक चकवा आहे. माणूस उताणा झोपला की फुप्फुसाचा तळ स्वतःच्या वजनाने थोडा दबतो आणि निरोगी माणसातही तिथे पुसट राखाडी पट्टा दिसतो. शंका आली तर रुग्णाला पालथं झोपवून पुन्हा दोन काप घेतात. पट्टा गेला तर ते वजन होतं. राहिला तर आजार.

[दृश्य : फुप्फुसांच्या पाच खंडांचे रेखाचित्र.]

आता तो स्कोर. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. प्रत्येक खंडाला शून्य ते पाच गुण. ५ टक्क्यांहून कमी भाग बाधित असेल तर एक, ७५ टक्क्यांच्या वर असेल तर पाच. पाच पाचा पंचवीस. हा अंदाज बहुतेक ठिकाणी रेडिओलॉजिस्ट नजरेनेच करतात. त्यात गंमत अशी, की उजवीकडचा मधला खंड सर्वांत लहान, तरी त्यालाही खालच्या भल्यामोठ्या खंडाइतकेच गुण.

याहून मोठी अडचण दिवसाची आहे. धरून चाला, दोघांचाही स्कोर सात. एकाचा सीटी तिसऱ्या दिवशी काढला, दुसऱ्याचा बाराव्या. कोव्हिडमध्ये फुप्फुसातला पसारा साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त असतो. म्हणजे पहिल्याचा सात अजून चढणीवर असू शकतो आणि दुसऱ्याचा उतरणीला लागलेला. आकडा तोच, माणसं दोन टोकांना. चीनमधल्या १२१ रुग्णांच्या अभ्यासात, लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या दोन दिवसांत सीटी काढलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची फुप्फुसं स्वच्छ दिसली होती. ताप आला की त्याच संध्याकाळी पाकीट घेऊन धावणाऱ्यांना 'नॉर्मल'चा दिलासा मिळायचा, तो असा कच्चा.

उलट टोकाचं उदाहरण कोव्हिडची साथ पसरलेल्या डायमंड प्रिन्सेस या प्रवासी जहाजाचं. तिथल्या लक्षणं नसलेल्या ७६ बाधितांपैकी ४१ जणांच्या फुप्फुसांत डाग सापडले. ना ताप, ना खोकला.

[दृश्य : नकाशा, हुबेई प्रांत.]

तरी सीटीला मोडीत काढता येत नाही. १२ फेब्रुवारी २०२० ला चीनच्या हुबेई प्रांताने सीटीवरून झालेलं निदानही मोजायला घेतलं, आणि एका दिवसात १४ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. स्वॅबच्या चाचण्या पुरत नव्हत्या. पुढे दुसऱ्या लाटेत आपल्याकडेही स्वॅबचा रिपोर्ट यायला दिवस लागत, सीटी तासाभरात हातात पडे. लोक उगाच नाही रांगेत उभे राहिले. त्याआधीच, सप्टेंबर २०२० मध्ये, राज्य सरकारने यंत्राच्या क्षमतेप्रमाणे दोन, अडीच आणि तीन हजार रुपये असे दर बांधून दिले होते.

पण डाग विषाणूचं नाव सांगत नाहीत. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने भीती घातली होती, त्या विषाणूच्या न्यूमोनियातही अशीच दुधी काच दिसते. म्हणून डच रेडिओलॉजिस्टांनी मार्च २०२० मध्ये कोरॅड्सची श्रेणी काढली. हा कोव्हिड असण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते. आपल्याकडे "कोरॅड्स सहा आलाय" म्हणून घरात रडारड व्हायची. सहाचा अर्थ फक्त स्वॅब पॉझिटिव्ह असणं, आजार तीव्र असणं नव्हे.

मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे संचालक रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात सीटी नको म्हणून बजावलं, किरणोत्सर्गाच्या हिशेबात एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांची संघटना उसळली, आधुनिक यंत्रात जेमतेम ५ ते १०. खोटं कुणीच बोलत नव्हतं. नेहमीचा सीटी सहा मिलिसीव्हर्ट (किरणोत्सर्गाचा डोस मोजायचं एकक) आणि एक एक्स-रे ०.०२ धरला तर तीनशे होतात. कमी डोसचा सीटी एक आणि दोन बाजूंचा एक्स-रे ०.१ धरला, तर दहा. माझ्या मते प्रश्न डोसाचा नव्हताच. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९७ दिसत असताना तो सीटी कुणी मागितला, हा होता.

[दृश्य : रिपोर्टचे शेवटचे पान. कॅमेरा हळूहळू खाली सरकतो.]

रिपोर्टमध्ये स्कोर ठळक अक्षरांत छापलेला असे. फोनवर तेवढाच वाचला जाई. सहीच्या वर, साध्या अक्षरांत, आणखी एक ओळ असायची : रुग्णाची लक्षणे व इतर तपासण्यांशी ताडून पाहावे.