लग्न डेन्मार्कमध्ये, संसार कुठे?

डेन्मार्कच्या दक्षिणेला, बाल्टिक समुद्रात, एरो नावाचे एक लहान बेट आहे. स्वेनबोर्ग बंदरातून सुटलेली फेरीबोट सव्वा तासात एरोस्कोबिंगच्या धक्क्याला लागते, आणि सुमारे 6000 वस्तीच्या या बेटावर उतरणाऱ्या प्रवाशांत लग्नासाठी आलेली जोडपी हमखास दिसतात. त्यांच्यापैकी अनेकांत वर किंवा वधू, कोणीही डॅनिश नसते. दोघांचे देश वेगळे, राहण्याचे ठिकाण तिसरे आणि विवाहनोंदणी मात्र इथे, असा हा प्रवास आहे.

तो का करावा लागतो, हे समजून घ्यायचे तर शेजारच्या जर्मनीकडे पाहावे लागते. समजा, पुण्याहून म्युनिकला नोकरीसाठी गेलेल्या तरुणाला तिथल्या जर्मन मैत्रिणीशी लग्न करायचे आहे. या व्यक्तीच्या विवाहाला तिच्या देशाच्या कायद्याची आडकाठी नाही, असा दाखला जर्मन कायदा परदेशी नागरिकाकडे मागतो. भारतात मात्र असा दाखला दिला जात नाही. आपल्याकडे तयार होते ते अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र. मग त्या दाखल्यातून सूट मिळावी म्हणून प्रादेशिक उच्च न्यायालयाच्या अध्यक्षांकडे अर्ज जातो, आणि त्याआधी भारतातील कागदपत्रांची पडताळणी होते. एका देशाचे कागद दुसऱ्या देशात एका शिक्क्यावर ग्राह्य धरणारा अपोस्टिल करार भारतासाठी 2005 साली लागू झाला, पण भारताच्या सहभागावर जर्मनीने आक्षेप नोंदवला. त्यामुळे केवळ त्या शिक्क्यावर भागत नाही आणि जन्मदाखला खरा आहे की नाही, याचा शोध भारतात प्रत्यक्ष घेतला जातो. जन्मदाखल्यावर बाळाचे नावच नसणे किंवा पासपोर्टवर वडिलांचे नाव मधे असणे आपल्याला इतके नेहमीचे आहे की त्यात शंका घेण्यासारखे काही वाटत नाही. परक्या कचेरीत मात्र हाच फरक खुलासा मागतो. या साऱ्यात महिन्यांमागून महिने जातात.

डेन्मार्कने ही वाट सोपी ठेवली आहे, पण मोकाट सोडलेली नाही. पूर्वी ही तपासणी प्रत्येक नगरपालिका आपापल्या परीने करत असे. 1 जानेवारी 2019 पासून ती कौटुंबिक कायद्याच्या एका केंद्रीय कचेरीकडे सोपवली गेली. पासपोर्ट, डेन्मार्कमधील कायदेशीर प्रवेशाचा आधार, आधीचे लग्न मोडले असल्यास त्याचा पुरावा आणि दोघांचे नाते खरे असल्याच्या खुणा, इतके तपासून ही कचेरी एक प्रमाणपत्र देते. ते 4 महिने वैध असते आणि त्या मुदतीत लग्न लागावे लागते. विवाहाचा दाखला पाच भाषांत मिळतो: डॅनिश, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच आणि स्पॅनिश.

इथवरची माहिती अनेक जोडप्यांना असते, आणि इथेच सर्वांत महागडा गैरसमज सुरू होतो. तो दाखला लग्न झाल्याचे सिद्ध करतो. एकत्र राहण्याची परवानगी देत नाही. पर्यटनाच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर युरोपात आलेली वधू डेन्मार्कमध्ये लग्न करून जर्मनीत परतली, तरी तिला साधारणपणे मायदेशी जाऊन कुटुंबासाठीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्यासाठी बहुतेकांना जर्मन भाषेची प्राथमिक परीक्षाही द्यावी लागते. लग्नापुरत्या डेन्मार्कच्या छोट्याशा सहलीने युरोपीय संघातील मुक्त संचाराचा हक्क मिळत नाही, असे जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने स्पष्ट केले आहे. ज्याच्याकडे आधीच नोकरीचा परवाना आहे, त्या पुण्याच्या तरुणाची स्थिती निराळी. त्याचा परवाना तसाच चालू राहतो.

हेच जोडपे पुढे भारतात यायचे म्हटले, तर जर्मन जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी, म्हणजे भारतात दीर्घकाळ राहण्याची मुभा देणाऱ्या कार्डासाठी, लगेच अर्ज करता येत नाही. नोंदलेला विवाह अर्जापूर्वी सलग 2 वर्षे टिकलेला असावा लागतो आणि सुरक्षा यंत्रणांची मंजुरीही लागते.

परक्यांच्या लग्नांना दार उघडे ठेवणाऱ्या डेन्मार्कने स्वतःच्या नागरिकांच्या परदेशी जोडीदारांसाठी मात्र 2002 साली युरोपातील अत्यंत कडक नियमांपैकी एक लागू केला. दोघांचेही वय किमान 24 असावे आणि दोघांचे मिळून डेन्मार्कशी असलेले नाते अन्य कोणत्याही देशापेक्षा घट्ट असावे, अशी अट आली. कोपनहेगनला स्वीडनशी जोडणारा ओरेसुंद पूल 2000 सालीच खुला झाला होता. कित्येक डॅनिश नागरिक परदेशी जोडीदारासह पुलापलीकडच्या माल्मो शहरात राहू लागले आणि कामासाठी रोज मायदेशी येऊ लागले. आपल्याच देशात संसार थाटता न येणे ही मला या साऱ्या हकिकतीतील सर्वांत बोचणारी गोष्ट वाटते.

टोगोत जन्मलेला, घानात वाढलेला आणि 2002 साली डॅनिश नागरिक झालेला एक माणूस त्यांच्यातलाच. 2003 साली त्याने घानातील तरुणीशी लग्न केले. घट्ट नात्याची अट पुढे 28 वर्षे नागरिक असलेल्यांना माफ झाली. म्हणजे जन्मजात नागरिकाला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी जे मिळे, त्यासाठी या माणसाला 2030 पर्यंत थांबावे लागले असते. पत्नीला परवाना नाकारला गेला आणि दोघे स्वीडनला गेले. खटला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात पोहोचला. 24 मे 2016 रोजी 12 विरुद्ध 5 मतांनी निकाल लागला, की या सवलतीने परकीय वंशाच्या नागरिकांशी भेदभाव झाला आहे. 2004 सालच्या मे महिन्यात स्वीडनमध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा तोवर 12 वर्षांचा झाला होता.