मॅरेथॉनच्या वाटेवर, चाकांवरून

नमस्कार श्रोतेहो.

जानेवारीचा तिसरा रविवार मुंबईत मॅरेथॉनचा. धावणारे हजारो, बघणारे त्याहून जास्त, आणि त्यावर बोलणाऱ्यांची तर मोजदादच नको. म्हणून मी आज बोलणार आहे ते त्याच्या आधीच्या एखाद्या रविवारबद्दल. पहाटेचे साडेचार वाजलेत, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर वीसेक सायकली उभ्या आहेत आणि पुढे मॅरेथॉनचा मार्ग आहे. छातीवर नंबर नाही, शेवटी पदक नाही, रस्ता आपल्यासाठी कुणी बंद केलेला नाही. एवढ्या पहाटे तो रिकामा असतो, इतकंच.

गंमत म्हणजे, ही मॅरेथॉन पहिल्यांदा २००४ च्या फेब्रुवारीत झाली आणि त्याच वर्षी युनेस्कोनं या स्टेशनाच्या इमारतीला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण तिथे सायकलला टेकून मागे राहिलेल्यांची वाट बघताना असल्या गोष्टी आठवतात. मागे राहिलेला एक तरी असतोच. कुणाची गाडी हार्बर लाइनवर अडकलेली असते, तर कुणाच्या टायरमध्ये हवा नसते.

त्या वेळी मुंबईत सायकल चालवणारे आपणच, असा समज असेल तर तो फोर्टात शिरल्या शिरल्या उतरतो. फुटपाथवर पेपरांचे गठ्ठे सुटलेले असतात. चारपाच जण मांडी घालून बसलेले, एकाच्या हाताखालून मुख्य अंक सरकतोय, दुसरा त्यात पुरवणी खुपसतोय, तिसरा मोजून थप्पी लावतोय. बोलणं चालू, नजर दुसरीकडे, हात मात्र थांबत नाहीत. मग ती थप्पी सायकलच्या कॅरिअरवर दोरीनं आवळायची आणि निघायचं. पाववाल्याची सायकल तर बघण्यासारखी. मागे माणसाच्या कमरेएवढा लादीपावाचा ढीग, हँडलला दोन पिशव्या, दिवा नाही, हेल्मेट नाही, गिअर कुठला असणार! आणि आमच्यातल्या कुणाच्याही महागड्या सायकलला तो सहज मागे टाकतो. आमच्या चकचकीत कपड्यांकडे बघून एका पेपरवाल्यानं विचारलं होतं, ''ताई, शर्यत आजच आहे काय?'' नाही म्हटल्यावर त्याला प्रश्न पडला, की मग इतक्या पहाटे उठलात कशाला. प्रश्न रास्त होता.

तर कशाला? धावणाऱ्यांपैकी काही जण आमच्याबरोबर मुद्दाम येतात, शर्यतीआधी रस्ता अंगवळणी पडावा म्हणून. मोटारीतून हा मार्ग बघून काही उपयोग नाही. मोटारीला चढ कळत नाही आणि वारा तर कळतच नाही. सायकलवर दोन्ही मांडीत उतरतात.

हुतात्मा चौक ओलांडून चर्चगेटवरून मरीन ड्राइव्हला लागलं की पहिल्यांदा मोकळं वाटतं. साडेतीन किलोमीटरच्या आसपासचा सपाट, वळणदार रस्ता, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको शैलीतल्या जुन्या इमारतींची रांग. इथे नवखे हमखास पायडलवर उभे राहतात. त्यांना आवरावं लागतं. गटानं जायचं म्हणजे दोनदोनच्या जोडीनं, पुढच्याच्या चाकाला आपलं चाक न भिडवता, वीसच्या आसपास वेग धरून. पुढचा ओरडतो ''खड्डा!'', की ते मागेमागे पोचवत जायचं. ''जाळी!'' हा त्याहून वाईट शब्द. गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेनं असतील आणि तुमचं टायर बारीक असेल तर चाक आत जातं आणि माणूस पुढे जातो. रात्री रस्ता धुतला गेला असेल तर झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक मारू नये. रंगावर पाणी म्हणजे साबणच. आणि सगळ्यात मागे एक जाणता गडी हवा, ज्याच्याकडे पंप, ट्यूब आणि सहनशक्ती तिन्ही भरपूर असतात.

जानेवारीच्या पहाटे मुंबईत मतलई वारे असतात. जमीन रात्रभर निवते, समुद्र त्या मानानं कोमट राहतो, त्यामुळे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. फार जोराचा नसतो, पण अंगावर काटा आणतो. ऊन चढलं की तो फिरतो आणि खारा वारा सुरू होतो. पहाटे पाचला निघालेला धावपटू साडेनऊदहापर्यंत रस्त्यावर राहिला, तर त्याला एकाच शर्यतीत पहाटेचा गारवाही भेटतो आणि दमट उकाडाही. सगळी घाई असते ती म्हणूनच.

चौपाटी, बाबुलनाथ, मग केम्प्स कॉर्नर. मुंबईतला पहिला उड्डाणपूल इथला, १९६५ सालचा. आणि पुढे पेडर रोड. पाटीवर डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग असं आहे, तोंडात मात्र पेडर रोडच. या चढाची दहशत धावणाऱ्यांत एवढी, की ऐकणाऱ्याला वाटावं कसाऱ्याचा घाटच. खरं तर उंची फार नाही. जाताना, पाय ताजे असताना, आपण गिअर उतरवतो, दोन मिनिटं गप्प होतो आणि बघता बघता हाजी अलीच्या बाजूला घरंगळतो. पण मॅरेथॉनवाल्याला तो परतीच्या वाटेवर पुन्हा चढायचा असतो, आणि तोही पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास. शरीरातला साखरेचा साठा तोपर्यंत तळाला गेलेला असतो. चढ तोच, पण पाय वेगळे. परत येताना सायकलवरसुद्धा हे लख्ख कळतं. जाताना बडबडणारी मंडळी येताना एकमेकांशी बोलत नाहीत.

वरळी सी फेसला येईपर्यंत अंधारच असतो, आणि समोर सागरी सेतू दिव्यांनी उजळलेला दिसतो. इथे आमचा आणि मॅरेथॉनचा मार्ग फुटतो. २००९ साली खुल्या झालेल्या या साडेपाच किलोमीटरच्या पुलावर सायकलला बंदी आहे. मोटरसायकलला आहे, रिक्षाला आहे, चालणाऱ्यालाही आहे. वर्षातून एक दिवस, मॅरेथॉनच्या सकाळी, हजारो माणसं त्यावरून पायी वांद्र्याला जातात. आम्ही मात्र तिथून आत वळतो, प्रभादेवीला येतो आणि शिवाजी पार्कवरून माहीम गाठतो. तिथून त्याच रस्त्यानं परत. त्यामुळे धावणाऱ्यांना सिद्धिविनायक एकदाच लागतो, आम्हाला दोनदा.

बंदीमागची कारणं खोटी आहेत असं मी म्हणणार नाही. पुलावर आडवा वारा असतो, गाड्या सुसाट असतात, सायकलला वेगळी जागा नाही. २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं खुल्या झालेल्या कोस्टल रोडच्या मुख्य मार्गिकांवरही हाच नियम. पण मग रविवारी पहाटे दोन तास? २०१७ च्या अखेरीला महापालिकेनं रविवार सकाळपुरता नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापासून वरळीपर्यंत सायकलींसाठी पट्टा आखला होता. २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद केले होते, मरीन ड्राइव्हही त्यात होता. मुलं तिथे स्केटिंग करत होती, आजोबा योगासनं करत होते. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. पुलाच्याच बाबतीत आपण हात वर का करतो, ते मला समजलेलं नाही.

आणि यातला खरा विनोद अजून सांगितलाच नाही. मॅरेथॉनचा मार्ग मोजतात कशानं, ठाऊक आहे? सायकलनं! उपग्रहानं नाही, मोटारीच्या मीटरनं तर नाहीच. जगभरात मान्य असलेली पद्धत सायकलची आहे. ब्रिटनमध्ये जॉन ज्युएल यांनी १९६० च्या दशकात ती नीट बसवली. अमेरिकेत टेड कॉर्बिट यांनी तिचा आग्रह धरला. ते स्वतः १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले. मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲलन जोन्स नावाच्या अभियंत्यानं पुढच्या चाकाच्या आसाजवळ बसणारं एक छोटं मोजयंत्र बनवलं. चाक फिरलं की त्यातले आकडे पुढे सरकतात. एका फेऱ्याला वीसहून जास्त आकडे, म्हणजे किलोमीटरला दहा हजारांच्या वर. एवढी बारीक मोजणी.

आधी कुठल्याशा सरळ रस्त्यावर पोलादी टेपनं किमान तीनशे मीटर अंतर पक्कं करतात. त्यावरून सायकल चार वेळा नेतात आणि आपल्या चाकाचे किती आकडे म्हणजे एक किलोमीटर, ते ठरवतात. मग सगळा मार्ग मोजायचा. तोही धावपटूला शक्य असलेल्या सगळ्यात जवळच्या रेषेनं, वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर राखून. संपलं की पुन्हा त्या पक्क्या अंतरावर चार फेऱ्या. कारण ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते, चाकाचा घेर वाढतो आणि हिशेब चुकतो. एवढं करूनही मोजणारा स्वतःवर विश्वास ठेवत नाही. हजाराला एक या प्रमाणात अंतर जास्तच धरतो. बेचाळीस किलोमीटरला बेचाळीस मीटर. मार्ग चुकून कमी भरू नये म्हणून.

कमी भरला तर काय होतं? न्यू यॉर्कला १९८१ साली अल्बर्टो सालाझारनं २ तास ८ मिनिटं १३ सेकंदांत शर्यत जिंकली, विश्वविक्रम म्हणून डंका झाला. पुढे काही वर्षांनी मार्ग पुन्हा मोजला, तर सुमारे दीडशे मीटर कमी. विक्रम गेला. धावणाऱ्याचा यात काय दोष?

म्हणजे मान्यताप्राप्त मार्ग हवा तर मोजणाऱ्याला सायकल सगळीकडून न्यावीच लागते, पुलावरूनसुद्धा. मॅरेथॉन खरी बेचाळीस किलोमीटर आणि एकशे पंच्याण्णव मीटरची आहे, याची ग्वाही सायकल देते. आणि एरवी त्याच पुलाच्या तोंडाशी सायकलवाल्याला परत फिरवतात.

माहीमबद्दल फार सांगत नाही. दर्गा, सेंट मायकल चर्च, बंद दुकानं, चहाची एक टपरी. ती उघडी असेल तर तिथेच थांबा. केळं खा, पाणी प्या, पाय मोकळे करा. इथपर्यंत आलेला माणूस परतीला गाडीत सायकल टाकायचं म्हणत असेल, तर त्याला हसू नका, जाऊ द्या.

एक इशारा द्यायलाच हवा. लॉस एंजेलिसमध्ये मॅरेथॉनच्याच दिवशी, रस्ते बंद झाल्यावर आणि धावणारे सुटायच्या आधी, भल्या पहाटे सायकलवाले तो मार्ग मारतात. २०१० च्या आसपास हे सुरू झालं आणि पुढे त्याला जत्रेसारखी गर्दी व्हायला लागली. ते ऐकून आपल्याकडे कुणाच्या डोक्यात तसलं येईल. नको. मुंबईत पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमारास सुटते, त्याआधीपासून स्वयंसेवक पाण्याची टेबलं मांडत असतात, पोलीस बॅरिकेड ओढत असतात, रुग्णवाहिका फिरत असतात. त्यांच्या पायांत सायकल घालायची नाही. वर्षात बाकीचे रविवार पुष्कळ आहेत.

शिवाय मॅरेथॉन ज्या रस्त्यांवर एकेरी वाहतुकीच्या उलट धावते, तिथे आपण तसं जायचं नाही. ''पहाटे कोण बघतंय'' म्हणणारा आमच्यातही निघतो. दुधाचा टेम्पो बघतो, आणि तो फार उशिरा बघतो.

पेडर रोड उतरून पुन्हा चौपाटीला आलं की सातच्या आसपास वेळ झालेली असते. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातला उगवतो. तोवर टॅक्स्या सुरू झालेल्या असतात, बेस्टच्या बसेस निघालेल्या असतात, आणि मरीन ड्राइव्ह आपलं राहिलेलं नसतं. शेवटचे दोन किलोमीटर सिग्नल सांभाळतच काढायचे. मग फोर्टात एखाद्या इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा, आणि भांडण. भांडण असं, की प्रत्येकाच्या घड्याळात वेगळं अंतर. कुणाचं जास्त, कुणाचं कमी, एकाचं तर घड्याळ उंच इमारतींच्या गल्लीत भरकटून त्याला थेट समुद्रातून घेऊन गेलेलं. मोजयंत्र कुणाच्याच चाकाला नसतं. त्यामुळे निकाल लागत नाही आणि चहा मात्र दुसऱ्यांदा येतो.

तर श्रोतेहो, यायचं असेल तर मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा दिवा लावून या. हेल्मेट हवंच. आणि हवा शनिवारी रात्रीच भरून ठेवा. पहाटे चार वाजता पंक्चरवाला झोपलेला असतो, आणि आमच्या मागच्या गड्याच्या पंपावर आधीच तिघांचा डोळा असतो.

नमस्कार.